आणून दे

क्वेन्कात मला मिळाली ती खोली नार्सिसाची.
पलंग आखूड. कपाटाच्या दाराला आतून
पेन्सिलीच्या खुणा: नार्सिसा पाच वर्षांची, आठ, अकरा.
मी त्रेपन्नाची, आणि स्पॅनिश
सगळ्यात खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं.

पहिला आठवडा नुसतं "सी" म्हणण्यात गेला.
सी म्हटलं म्हणून ताटात तिसऱ्यांदा मोते पडले,
मक्याचे ते उकडलेले टपोरे दाणे.
सी म्हटलं म्हणून रविवारी सकाळी
कुणाच्या तरी बाळाच्या बाप्तिस्म्याला जाऊन आले,
फोटोत मधोमध उभी आहे.

थंडी वाजते, हे पुस्तकात चार शब्दांत होतं.
सहा वर्षांच्या जोर्दीने एका शब्दात दिलं: अचाचाय!
दंड चोळत, दात वाजवत.
तो शब्द जहाजातून नाही आला, सोइला म्हणाली,
तो आमच्या डोंगराचाच.

शाळेतल्या इल्दाबाई मात्र व्याकरणाच्या कडक.
सकाळी स्वयंपाकघरात कानावर पडलेलं
मी फळ्यावर लिहिलं: दामे त्रायेंदो पान.
त्यांनी पुसलं. "हे इथलं गावठी. त्राएमे म्हणा. पाव आण."

पण मला तर पुसलेलंच कळलं होतं.
आण नव्हे हो, आणून दे.
दार उघडून दे, दोरा ओवून दे,
एवढी गाठ सोडवून दे;
हुकमाला आर्जवाचं अस्तर लावायची ही रीत
मला कुणी शिकवायला नको होती.
निऱ्या धरून द्याव्यात कुणी, तशी
कुठली कोण सोइला ग्वामान
मला क्रियापद धरून देत होती.

मग जोर्दीचा दात पडला.
"से मे कायो!" रक्ताळलेल्या हसण्यातून,
मुठीत दात.
मग माझ्या हातून निळा कप गेला.
मी फोडला, मी म्हटलं, शब्द जुळवून जुळवून.
सोइला तुकडे वेचत म्हणाली, तसं नाही म्हणायचं.
से ते रोंपियो.
फुटला तो, तुझ्याकडून. फोडलं कुणीच नाही.
आणि उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून,
मी काही विचारलेलं नसताना,
खोलीच्या दाराकडे बघत: "से मे फुए."
गेली माझी.

नार्सिसा मुर्सियात ब्रोकोली कापते. चार वर्षं झाली.
रविवारी दुपारी फोनवर येते,
तिच्या मागे तिथली रात्र, कुणाचे तरी वाळत घातलेले मोजे.
ग्राथियास म्हणते.
आई बोबडी बोलते! जोर्दी लोळून हसतो.
तीही हसते.
वाक्यागणिक "बाले" लावते, स्पेनमधल्यासारखं.
मामा, फोन वर धर, दिसत नाहीस.
सोइला फोन वर धरते.
धर म्हणाली ती. धरून दे नाही.
हे मला ऐकू आलं, म्हणजे सोइलाला
किती दिवसांपासून येत असेल.

परवा फोन चालू होता.
मी शेगडीपाशी, पाठमोरी, मोतेचं पातेलं ढवळत.
जोर्दीला म्हटलं, सहज, मनात न जुळवता:
"दामे पासांदो ला साल."
मीठ एवढं इकडे देऊन दे.

पलीकडचं बोलणं तुटलं.
रेंज गेली असेल म्हणून सोइलाने फोन हलवला.
चित्र तर हलत होतं. नार्सिसा डोळे मिचकावत होती.
मग हळू, बाले नाही, बोबडं नाही,
"मामा, दामे दिसियेंदो,
कोण बोललं आत्ता तिथे?"

सोइलाने फोन माझ्याकडे फिरवला.
जोर्दी मिठाची बरणी धरून उभा.
मी ओले हात झग्याला पुसत राहिले,
आणि मला साधं "सी" सुचेना.